बांधाबाहेरचा चौकोन

‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही’ हे वाक्य इथं या ग्रुपवर प्रत्येक जण लिहितो, म्हणून मी निदान पुरावा तरी देतो. लातुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. ‘करणी, भानामती, वशीकरण – चोवीस तासांत गॅरंटी’ असली हँडबिलं मी स्वतः छापून दिली आहेत. त्यातल्या एका बाबांना तीनदा प्रूफ दाखवलं आणि तिन्ही वेळा त्यांना स्वतःच्याच मोबाईल नंबरातली चूक दिसली नाही. तेव्हापासून मला या लोकांचं फक्त हसू येतं. आजही येतं. जे घडलं त्यात कुणी बाबा नव्हता, लिंबू नव्हतं, काही नव्हतं. एक मोबाईलवरचा गेम होता, आणि त्यातलं निम्मं लिखाण माझं होतं.

आधी घर सांगतो. आमचं मूळ गाव औशाच्या पुढं, निलंग्याच्या बाजूला. शेती तिथं, राहणं लातुरात. घरात नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि काकू. काकू म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची, दिगंबरअप्पांची बायको. अप्पा बारा वर्षांपूर्वी गेले. गेले म्हणजे वारले असं नाही... गेले म्हणजे कुठं गेले ते कुणाला माहीत नाही.

दिवस येळवसचा होता. बाहेरच्यांना सांगायला हवं – मार्गशीर्ष अमावस्येला आमचा अख्खा जिल्हा शेतात असतो. भर दुपारी गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील असं पोट तडस लागेपर्यंत हाणायचं. पण जेवणाआधी एक काम असतं. हे सगळं एकत्र कालवून शेताच्या चारी बांधांवरून शिंपडत फिरायचं. आमच्या घरची पद्धत अशी, की शिंपडणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. म्हणून त्याच्या मागं एक जण तांब्यातून पाण्याची धार सोडत चालतो. पुढच्याची पाठ राखायला. चारी कोपरे होईपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही.

त्या वर्षी पुढं अप्पा होते, हातात पितळेची चरवी. मागं तांब्या घेऊन मी. वय बावीस.

मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं ते असं: दुसऱ्या कोपऱ्यावर, बाभळीपाशी, अप्पांना रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. ते म्हणाले, ‘तू हो कोपीकडं, मी आलोच.’ आणि ते रस्त्याकडं गेले.

मग काय, सगळा शोध रस्त्याच्या बाजूनं झाला. औशाचा स्टँड, निलंग्याचा स्टँड, सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या, ढाबे. अप्पांचा फोटो घालून ‘हरवले आहेत’ असं पत्रक काढलं, ते मीच बनवलं. खरं सांगायचं तर डीटीपी शिकलो तोच त्या पत्रकापायी. दोन वर्षांनी कुणीतरी फोन केला की तसला माणूस किनवटच्या स्टेशनवर बसलेला असतो. काकू मला घेऊन तीन वेळा किनवटला गेली. प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक दाढीवाल्या माणसाच्या पुढं जाऊन वाकून बघायची. तिसऱ्या वेळी परत येताना गाडीत म्हणाली, “अप्पा लई भिडस्त हाय रे. कुनी हाक मारली की न्हाई म्हनताच यीत न्हाई त्येला.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अप्पा गेले तेव्हापासून माझा एक नेम आहे. दुपारी जेवायला घरी आलो की अर्धा तास काकूजवळ बसायचं. ती शेंगा फोडते, ज्वारी निवडते, मी तिच्या समोर बसतो. बोलणं फारसं नसतं. बारा वर्षांत खाडा नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, पुतण्या असावा तर असा. ते ऐकताना चेहरा मी सरळ ठेवायला शिकलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांच्या मुलीचं, पूजाचं लग्न झालं. पत्रिका अर्थात माझ्या दुकानात. बापाच्या नावापुढं काय लावायचं यावर घरात दोन दिवस शिजलं नाही म्हटलं तरी चालेल. नाना म्हणाले, “कैलासवासी नगं म्हनता तर नगं. पर नुस्तं नाव टाकू, फुडं काय नगं.” काकू कपाळावरच्या कुंकवाला हात न लावता, नुसती त्या दिशेला बोट करून म्हणाली, “ह्ये हाय तवर ‘श्री’ लागंल.” मी ‘श्री’ लावला. माझ्याकडे नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

आता गेमचं. मुजीब माझा पॉलिटेक्निकचा मित्र, नांदेडचा. घड्याळाच्या दुकानाच्या माळ्यावर बसून एकटा गेम बनवतो. कंपनी नाही, बॉस नाही, पगारही नाही. पावसाळ्यात त्याचा फोन आला. नवीन गेम करतोय, मराठीत करायचाय, लिखाण तू कर. गेमचं नाव ‘राखण’.

गेम असा: तुमचं एक शेत आहे, वरून बघितल्यासारखं, चौकोना-चौकोनांचं. पीक आपोआप वाढतं, दाणे आपोआप साठतात. तुम्ही फोन बंद करून झोपा, कामाला जा, गेम चालूच असतो. दाणे साठले की राखणदार ठेवायचे, त्यांना बांधावर उभं करायचं. शेत वाढवायचं, बांध लांबवायचा, आणखी राखणदार ठेवायचे. इथपर्यंत साधं आहे. पण बांधाच्या बाहेर सगळं काळं असतं आणि त्या काळ्यातून काहीतरी येतं. ते कधीच दिसत नाही. नुसती पिकाची एकेक ओळ काळी पडत जाते. तुम्ही गेम परत उघडला की आधी एक पान येतं, ‘तुम्ही नव्हता तेव्हा...’ आणि खाली प्रत्येक राखणदाराचं नाव आणि त्याची खबर. ‘उभा आहे’, ‘थकला आहे’ किंवा ‘दिसत नाही’. बस, या तीनच अवस्था. शिवाय कोपऱ्यात एक बटण आहे, ‘एकाला बाहेर पाठवा’. एकाला काळ्यात पाठवलं की बाकीचे काही तास वाचतात. माणूस आधी नाही म्हणतो, आणि चौथ्या दिवशी ते बटण दाबतो. मुजीबचं डोकं असंच चालतं.

“चालीस नामां होना मेरेकु,” तो फोनवर म्हणाला. “असली नामां. राम-श्याम नक्को. और खेत का नक्शा भी तूच निकाल, मेरेकु क्या मालूम खेत कैसा रहता.”

नकाशा मी आमच्याच शेताचा काढून दिला. चार कोपरे, दुसऱ्या कोपऱ्यावर बाभूळ, मधे लिंब, एका बाजूला रस्ता. आणि नावं... त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर अर्ध्यात अडकलं होतं, डोक्याला ताप होता. पूजाच्या पत्रिकेची फाईल कॉम्प्युटरवर होतीच, तीच उघडली. आपल्या पत्रिकेत नावांना काय तोटा! निमंत्रक, आपले नम्र, व्यवस्थापक, समस्त अमुक परिवार... मी सगळी यादी उचलली, श्री काढले, आडनावं काढली आणि पाठवून दिली. त्यात नाना गेले, मामा गेले, दोन्ही मेहुणे गेले. मी स्वतः ‘संतोष’ म्हणून गेलो. आणि सगळ्यात वरचं नाव गेलं – दिगंबर. पाठवल्यावर लक्षात आलं. वाटलं, नंतर सांगून काढू. राहून गेलं.

दिवाळीनंतर मुजीबनं चाचणीसाठी गेम माझ्या फोनवर पाठवला. दुकानात गिऱ्हाईक नसताना बघायचो. दुपारी काकूसमोर बसल्यावर बघायचो. दिगंबर नावाचा राखणदार मी पहिल्या दिवशीच लिंबाखाली ठेवला, जरा सुरक्षित जागी. कारण विचारू नका.

दुसऱ्या दिवशी गेम उघडला तर तो लिंबाखाली नव्हता. तिसऱ्या कोपऱ्याच्या बाहेर, बांधाच्या पलीकडच्या काळ्यात उभा होता. ‘दिगंबर: उभा आहे.’ मी बोटानं ओढून परत लिंबाखाली आणला. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच काळ्या चौकोनात. मुजीबला विचारलं तर तो हसायला लागला. “बांध के बाहर कोई खडाच नहीं रह सकता रे. बाहर भेजा तो गायब होता. वहां चौकोनच नहीं है, नुसता रंग भरेला है मैं.” स्क्रीनचा फोटो पाठवला तेव्हा हसायचा थांबला. गेममधली गडबड असणार म्हणून त्यानं दोन वेळा दुरुस्त करून पाठवला. त्याच्या फोनवर दिगंबर जिथं ठेवला तिथंच असायचा. माझ्या फोनवर त्या चौकोनात.

आणि तो थकत नव्हता. मामा थकले, मेहुणे ‘दिसत नाही’ झाले, नानांना तर मीच चुकून बाहेर पाठवलं. दिगंबर रोज – उभा आहे.

मी तरीही घाबरलो नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. कॉम्प्युटरसमोर ज्याचं आयुष्य गेलं त्याला गडबडींची सवय असते. एकदा एका लग्नपत्रिकेत रात्रीत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचा फोटो गेला होता. तसंच काहीतरी असेल म्हटलं.

चूक झाली ती पुढं. काकू सातवीपर्यंत शिकलेली. एका दुपारी शेंगा फोडता फोडता माझ्या खांद्यावरून वाकली.

“काय बघूलालास रोज? आन् ह्ये दिगंबर कोन?”

मी म्हणालो, “गेम आहे काकू. नावं अशीच टाकलीत, पत्रिकेतली.”

तिनं चष्मा आणला. फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग हळूच म्हणाली, “उभा हाय म्हनतंय.”

“गेम आहे काकू.”

“व्हय रे, कळतंय मला. पर कवापास्नं उभा हाय? बसाया सांग की त्येला जरा.”

मी म्हणालो, यात बसायची सोय नाही. तिनं फोन परत दिला. पण दुसऱ्या दिवशी मी हात धुवायच्या आत तिनं माझा फोन मागितला. मग रोजच. जेवण झालं की चष्मा, फोन, ‘तुम्ही नव्हता तेव्हा...’ मोठ्यानं वाचायची. बाकीची नावं सोडून द्यायची. ‘उभा आहे’ वाचलं की फोन परत द्यायची आणि शेंगा घ्यायची. तिच्या चेहऱ्यावर बारा वर्षांत न बघितलेलं काहीतरी यायला लागलं होतं. मला ते बघवत नव्हतं आणि गेम काढून टाकायची हिंमतही होत नव्हती.

त्याच सुमारास नानांनी विषय काढला. बारा वर्षं माणूस आला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, दहावं-तेरावं करतात. मग तो सुटला असं धरायचं. यंदाच्या येळवसला बारा वर्षं भरत होती. नानांनी त्याच्या आधीचा दिवस ठरवला, किनवटच्या ओळखीच्या माणसाकडून पळसाची पानंसुद्धा मागवून घेतली. ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं आमच्या मोरीच्या बाजूला येऊन पडली.

वर्षभर आधी काकू कदाचित तयार झाली असती. आता ती म्हणाली, “उभ्या मान्साला जाळता व्हय?”

नाना चक्रावले. “कोन उभा हाय?”

“संतोषच्या फोनात बगा.”

नानांनी फोन बघितला, माझ्याकडं बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाले, “लाज वाटंना का रे तुला? ती बाई अगोदरच आशेवर जगूलालीय. तिला खेळनं दिलास हातात.” मग काकूकडं वळून म्हणाले, “वहिनी, त्याला पानी मिळंना बारा वर्सं. कुठंबी असू दे, तहानलेला असंल. सोडा आता.” धाकट्या भावजयीला ते ‘वहिनी’ म्हणायचे, अप्पा गेल्यापासून. तीही रडली, नानाही रडले. पण काकू हटली नाही. ‘उभा हाय’ एवढंच.

आणि मग ती दुपार. काकूनं चष्मा लावला, फोन उघडला. ‘तुम्ही नव्हता तेव्हा...’ इतकं वाचून थांबली.

“आज येगळंच लिवलंय की रे.” आणि तिनं सावकाश वाचलं. “दिगंबर: मागं कुनी नव्हतं.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

काकूनं पुन्हा वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. “म्हंजी काय रे संतोष? तू हुतास की मागं.”

“गेममधलं आहे काकू,” मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. “मीच लिहिलं होतं काहीतरी. तेच आलं.”

मी लिहिलं नव्हतं. दुकानात जायच्या ऐवजी मी मोटारसायकल काढली आणि थेट नांदेडला गेलो. मुजीबच्या माळ्यावर बसून आम्ही लिखाणाची सगळी फाईल ओळ न् ओळ तपासली. एकशे साठ वाक्यं, सगळी माझी. ते वाक्य त्यात नव्हतं. मुजीबनं माझा फोन त्याच्या मशीनला जोडून आतलं सगळं काढलं. त्यातही नव्हतं. पण स्क्रीनवर ते होतं, आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर. मुजीबनं फोनची वायर काढली. मग त्यानं विचारलं, “तेरे अप्पा के पीछे कौन था रे, उस दिन?”

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. इथं दुसऱ्यांदा लिहितोय.

दुसऱ्या कोपऱ्यावर अप्पांना कुणीही हाक मारली नव्हती. बाभळीखाली सावली होती आणि माझ्या खिशात नवा फोन होता. त्यात एक गेम होता – गाड्यांचा, डोकं नसलेला. मी म्हटलं दोनच मिनिटं. तांब्या खाली ठेवला, कानात इअरफोन घातले आणि बसलो. अप्पा पुढं शिंपडत गेले. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या हिशेबी मी मागं होतोच.

मान वर केली तेव्हा अप्पा दिसत नव्हते. वाटलं, फेरी पूर्ण करून कोपीत गेले. मी तांब्यातलं पाणी ओतून टाकलं आणि कोपीत आलो. नानांनी विचारलं, अप्पा कुठंय? मी मागची जागा सोडली असं सांगितलं असतं तर सगळ्या भावकीदेखत नानांनी मुस्काटात दिली असती. म्हणून तोंडात आलं ते बोललो – रस्त्याकडं गेले, कुणीतरी हाक मारली. पाच मिनिटांत अप्पा येतील आणि खोटं मिटून जाईल असं वाटलं होतं. पाच मिनिटं गेली. पंगत बसली. संध्याकाळ झाली. मग पोलीस आले आणि त्यांना मी तेच सांगितलं. त्यानंतर ते वाक्य मागं घ्यायची वेळ कधी आलीच नाही... किंवा रोज आली आणि रोज मी ती जाऊ दिली.

मुजीबनं पाणी दिलं. सल्ला दिला नाही. चांगला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा शेतात गेलो. फोनमधला नकाशा माझाच होता, त्यामुळं चौकोन मोजायला काही अवघड नव्हतं. बाभळीपासून निघालो, तिसऱ्या कोपऱ्यावर आलो. त्या वर्षी पावसानं तिथला बांध वाहून गेला होता, पलीकडच्या बळीरामच्या रानातून वळसा घालावा लागायचा – हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं. त्या काळ्या चौकोनाच्या जागी आता तुरीचं पीक आहे. सपाट रान.

बळीराम गोठ्यात होता. मी विचारलं, इथं आधी काय होतं?

“हीर हुती की जुनी,” तो म्हणाला. “पडकी. काठ न्हाई, काय न्हाई, सगळी घानेरी नि बोरी माजलेली. लहानपनी तुमी लोक दगडं टाकूलालाव की तिच्यात.”

नकाशा काढताना ती माझ्या डोक्यातही नव्हती. बांधाबाहेरची होती ना.

“बुजवली कधी?”

“अप्पा गेले त्येच्या फुडच्या उन्हाळ्यात. रस्त्याची माती फुकट मिळूलाली. तसं बी...” तो जरा थांबला, “वास येत हुता बग मागं. कुत्रं-बित्रं पडलं आसंल म्हून मी बघितलंच न्हाई.”

मी तिथंच खाली बसलो. बळीरामला वाटलं चक्कर आली. त्यानं पाणी आणलं, मी ते प्यालो नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. काकू नेहमीच्या जागी बसली होती, समोर शेंगांचं सूप, चष्मा पदराला पुसत. मी आलो तसा तिनं फोनसाठी हात पुढं केला. मी फोन दिला नाही. तिच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. बाभूळ, तांब्या, इअरफोन, रस्त्याकडची हाक, विहीर, माती, वास. काही राखलं नाही. किनवटच्या तीन खेपासुद्धा बोललो – की त्या तिन्ही वेळेला मला माहीत होतं, रस्त्याकडं कुणी गेलंच नव्हतं.

मला वाटलं होतं ती किंचाळेल, मारेल. मी तेवढ्याचीच तयारी करून आलो होतो. काकू शेंगा फोडत राहिली. एक, दोन, तीन. दाणे सुपात, टरफलं बाजूला. मग हात थांबले.

“बारा वर्सं,” ती म्हणाली, “रोज येऊन बसूलालास माझ्यापशी.”

मी मान खाली घातली.

“मला वाटलं माया हाय.”

एवढंच बोलली. सूप उचललं आणि आत गेली.

पुढचं थोडक्यात. नानांनी पोलिसांना कळवलं, बळीरामनं तूर उपटून दिली, जेसीबी लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी पितळेची चरवी वर आली. चेपलेली, मातीनं भरलेली. मग बाकीचं. पळसाची पानं लागली नाहीत, मोरीपाशी तशीच सुकून गेली. अस्थी नांदेडला गोदावरीत सोडल्या, मुजीब तिथं येऊन लांब उभा राहिला होता. काकूनं त्या दिवशी कुंकू पुसलं. नानांनी मला हात लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मुजीबनं ‘राखण’ बाजारात आणलाच नाही. सगळं पुसून टाकलं, मलाही पुसायला सांगितलं. माझ्या फोनवर तो अजून आहे. अस्थी सोडून आलो त्या दुपारी उघडला तेव्हा तो काळा चौकोन रिकामा होता. यादीत दिगंबर हे नावच नव्हतं. ‘दिसत नाही’ असंही नाही – नावच नाही.

हे कसं झालं, मला माहीत नाही. मुजीबलाही नाही. माझ्याच मनात दडलेलं मीच नकळत लिहून ठेवलं असेल, असं एका डॉक्टर मित्राचं मत आहे. असेल. पण मला त्या विहिरीची आठवणच नव्हती, आणि तिच्यात काहीतरी पडलंय हे बळीराम सोडून कुणालाच माहीत नव्हतं. काकूनं ते वाक्य माझ्याआधी वाचलं, मुजीबनंही वाचलं. यापुढं माझी अक्कल चालत नाही. ज्यांची चालते त्यांनी खाली जरूर लिहावं, मी वाचेन.

काकू माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, ताट सरकवते, आत जाते. मी तरीही अर्धा तास तिथंच बसतो, तिच्या रिकाम्या जागेसमोर. करायला दुसरं काही नसतं म्हणून गेम उघडतो. पीक सगळं काळं पडलंय. राखणदार एकच उरलाय. त्याला मी कितीदा तरी ओढून दुसरीकडं नेला, पण उघडलं की तो परत बाभळीखाली असतो, दुसऱ्या कोपऱ्यावर.

त्या गेममध्ये तीनच अवस्था आहेत, मी स्वतः लिहिल्यात. उभा आहे, थकला आहे, दिसत नाही. आज दुपारीही चौथीच होती.

‘संतोष: बसून आहे.’